सरपंचबाईंची पुसलेली सही

यात दुसऱ्या कुणाची चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकते. ग्रामपंचायतीच्या कामात काही बिघडलं की आम्ही सर्व्हरवर ढकलतो, लाइटवर ढकलतो, रेंजवर ढकलतो. त्या बुधवारी लाइट होती, रेंज होती, सर्व्हरही कधी नव्हे तो नीट चालत होता.

मी आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. पाथर्डी तालुक्यातलं गाव, पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर दगड. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि मागे म्हातारी माणसं, कुत्री आणि मी उरतो. ऑफिसातला कॉम्प्युटर तालुक्याहून आलेला, जुना. त्यावर नेहमीचं विंडोज धड चालेना म्हणून मी हट्टाने लिनक्स टाकलं आणि सगळं काळ्या खिडकीत, कमांड लिहून करायला शिकले. माऊस न धरता काम करते म्हणून गावात माझं मोठं कौतुक होतं. मला ते कौतुक आवडायचं, खोटं कशाला बोलू. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी दुसऱ्यांना ऐकवत असे.

सरपंचाची डिजिटल सही माझ्याच कपाटात असे. ती एका टोकनमध्ये असते. दिसायला पेनड्राइव्ह, अंगठ्याएवढा, आत एटीएम कार्डावर असते तशी चिप. सहीची किल्ली त्या चिपमध्येच तयार होते आणि तिथेच राहते. ती बाहेर काढता येत नाही, तिची नक्कल होत नाही. मालकाला नाही, बनवणाऱ्या कंपनीलाही नाही. तिच्यासोबत एक सर्टिफिकेट असतं, त्याच्या मात्र हव्या तेवढ्या नकला काढा. ही किल्ली अमक्या बाईची, एवढंच ते जगाला सांगतं. कायद्याने टोकन ज्याचं त्याने जवळ ठेवायचं आणि पिन कुणाला सांगायची नाही. पण आमच्या सरपंचबाई स्वतः ऊसतोड करणाऱ्या. राखीव जागेवर निवडून आल्या, बिनविरोध, आणि तरी दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर टोळीत जाणं काही सुटलं नाही. जाताना त्या कपाटासमोर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "ताई, सही ठिवून चालले. नीट संबाळा."

त्या वर्षी सांभाळायला एक मोठं काम होतं. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव. वसतिगृह म्हणजे इमारत वगैरे नाही. तोडीला गेलेल्यांची पोरं गावात नातेवाइकांकडे झोपतात आणि शाळेत दोन वेळचं जेवतात, एवढंच. पण ते जेवण असलं तर पोरं मागे राहतात, नसलं तर ट्रकमध्ये चढतात. प्रस्ताव सरपंचांच्या सहीने पोर्टलवर टाकायचा होता, शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. मुलांची यादी टोळ्या गेल्याशिवाय करता येत नाही, कारण कोण कुणाला मागे ठेवतंय ते ट्रक सुटेपर्यंत आईबापांनाच ठाऊक नसतं. त्यामुळे बुधवार उजाडला. यादीत तेवीस मुलं होती.

त्यातली एक सरपंचबाईंची धाकटी मुलगी, सातवीतली. तिच्या थोरल्या बहिणीलाही सातवीतूनच तोडीवर नेलं होतं. एक हंगाम ती उसाच्या फडात होती, दुसऱ्या हंगामाच्या आधी तिचं लग्न लावून दिलं, कारण कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, वाढती मुलगी ठेवायची कशी, हा प्रश्न तिथे प्रत्येक बापाला पडतो. धाकटीच्या बाबतीत सरपंचबाईंनी नवऱ्याशी भांडून शब्द घेतला होता. वसतिगृह चालू झालं तर ती शेजारच्या म्हातारीकडे राहील. नाही झालं तर रविवारी तो येऊन तिला घेऊन जाईल. "ही येक तरी शाळेत राहू द्या," एवढंच त्या मला म्हणाल्या होत्या.

सही पाच मिनिटांचं काम होतं. म्हणून मी ते नंतर करायचं ठरवलं.

कपाटात टोकनं दोन होती. एक आताच्या सरपंचबाईंचं, एक मागच्या सरपंचांचं, मुदत संपलेलं. आमच्याकडे काही टाकून देत नाहीत. जुनं टोकन पुसून उपसरपंचांना द्या, असं ग्रामसेवकांनी दिवाळीआधीच सांगितलं होतं आणि ते मनाला टोचत होतं. म्हटलं, आधी ते पुसू, मग शांतपणे सही करू.

दोन टोकनं ओळखायला मी आताच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. पण मध्ये खंडेनवमी होऊन गेली होती. त्या दिवशी कोयते, नांगर, गाड्या यांची पूजा होते, तशी मी ऑफिसात कॉम्प्युटरची, प्रिंटरची, शिक्क्याची पूजा मांडली होती. दोन्ही टोकनं ताम्हणात ठेवली आणि ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं. ते तसंच वाळून बसलं होतं. आता दोन्ही लालच होती.

आत नावं बघावीत, तर तिथेही माझीच हुशारी. टोकनला आत एक नाव देता येतं, ते मी दोन्हींना 'सरपंच' असंच दिलं होतं. माणसं दर पाच वर्षांनी बदलतात, खुर्ची तीच राहते, मग माणसाचं नाव कशाला द्यायचं, असा माझा विचार. पिनही दोन्हींना एकच ठेवली होती, लक्षात राहायला सोपी. टोकन पूर्ण रिकामं करायला आणखी एक मोठी पिन लागते. ती कंपनीने दिलेली, दोन्हींची सारखी, मी कधी बदललीच नाही. चुकीच्या टोकनला अडवायला एवढीच तीन कुलपं असतात आणि मी तिन्हींना एकच किल्ली करून ठेवली होती.

दोन्ही टोकनं लावली. काळ्या खिडकीत यादी मागितली. शून्य आणि एक, असे दोन स्लॉट, म्हणजे टोकनांच्या जागा, दिसले, दोन्हीकडे 'सरपंच'. मग एकेकाचं सर्टिफिकेट उघडून तारीख पाहिली. एक नंबरच्या स्लॉटमध्ये मुदत संपलेलं, म्हणजे मागच्या सरपंचांचं. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. कागदावर लिहूनसुद्धा ठेवलं, 'एक पुसणे'.

पण पुसायची कमांड दिली तर टोकनचं कनेक्शन मध्येच तुटायला लागलं. दिसायचं, जायचं. मी काढून पाहिलं, तर पुढच्या पत्र्याच्या तोंडात कुंकू घट्ट बसलेलं. दोन्ही काढली, टाचणीने कुंकू उकरलं, ओढणीच्या टोकाने पुसलं आणि परत लावली. कोणतं आधी लावलं, ते पाहिलं नाही. स्लॉटचा नंबर टोकनचा नसतो, तो लावण्याच्या क्रमाचा असतो, हे मला माहीत होतं. दुसऱ्या गावच्या ऑपरेटरला मी हेच फोनवर शिकवलं होतं, आणि त्याच्या अडाणीपणावर हसलेही होते. यादी पुन्हा मागायची, एवढं एक काम होतं. मी कागदाकडे पाहिलं, 'एक पुसणे', आणि एंटर दाबलं.

चहा निवायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही. मी खूश होऊन यादी मागितली. एक नंबर रिकामा. शून्य नंबरवर सर्टिफिकेट होतं. सही करायला म्हणून ते उघडलं आणि नाव पाहिलं, ते मागच्या सरपंचांचं होतं.

मी यादी परत मागितली. परत मागितली. टोकनं काढून परत लावली, जणू क्रम बदलला की किल्ली परत येणार होती. सर्टिफिकेटची एक नक्कल कॉम्प्युटरमध्ये होती, ती रिकाम्या टोकनवर चढवली. चढली. सरपंचबाईंचं नाव, गाव, सगळं दिसायला लागलं आणि क्षणभर मला वाटलं, सुटले. मग सही करायला सांगितली, तर उत्तर आलं की खासगी किल्ली सापडली नाही. घरावर पाटी होती, आत माणूस नव्हतं. नगरला टोकनं विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला. तो हसला. "मॅडम, ती किल्ली परत येत असती, तर या सहीला कुणी विचारलं असतं का?" म्हणाला. नवीन अर्ज करा, सरपंचांचा व्हिडिओ पाठवा, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी जाईल, शुक्रवारी दुपारपर्यंत सर्टिफिकेट देतो, असं त्याने सांगितलं.

ग्रामसेवकांकडे तीन गावं, त्या दिवशी ते दुसऱ्या गावात होते. मी फोनवर म्हटलं, "सर, टोकन खराब झालंय. नवीन करून घेते." ते म्हणाले, "बघा बाई, तुम्हालाच त्यातलं कळतं." माझ्या सात वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

गुरुवारी पहाटेच्या एसटीने नगर, तिथून कोपरगाव. राहुरी सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस लागला आणि संपेचना. सरपंचबाईंकडे बटनांचा फोन, तोही नवऱ्याच्या खिशात. विचारत विचारत, शेवटचे तीन किलोमीटर उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरवर बसून मी फडात पोहोचले, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सरपंचबाई मोळी बांधत होत्या. मला बघून त्यांचं पहिलं वाक्य, "पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे. टोकन खराब झालंय, अक्का. नवीन करायचंय. तुमचा व्हिडिओ पाहिजे."

"खराब कशानं झालं?"

"होतं कधी कधी," मी म्हटलं.

व्हिडिओत पॅनकार्ड हातात धरून नाव सांगायचं, आपण सहीसाठी अर्ज करतोय असं म्हणायचं. पहिला व्हिडिओ दुकानदाराने परत पाठवला, मागे दुसऱ्या बायका दिसत होत्या. दुसरा परत आला, चेहऱ्यावर पाचटाची सावली पडली होती. तिसऱ्या वेळी त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, तोंड धुतलं, उघड्या बांधावर उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "मी गावची सरपंच हाय." ते म्हणायची काही गरज नव्हती. माझ्या पाठीमागे बायका हसल्या, त्याही हसल्या. तो व्हिडिओ पास झाला. ओटीपी आला, भरला.

मी निघाले तेव्हा त्या कोयता खाली ठेवून माझ्याबरोबर बांधापर्यंत आल्या.

"मी यिऊ का संगं? हितं खाडा पडंल, पर पडू द्या. काय आडलं तर मी हुबी राहीन."

खाडा पडणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. तोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. ती गेली की तोही बसला, दोघांची मजुरी बुडाली. एवढं असून ती बाई येते म्हणत होती. आणि माझ्या मनात काय आलं? ही गावात आली की ग्रामसेवक हिच्यासमोर विचारणार, टोकन कसं खराब झालं. दुकानदाराला फोन लागला तर तो हसत हसत सगळं सांगणार. चोराच्या मनात चांदणे.

"कशाला अक्का? आता सगळं मोबाईलवरच होतं," मी म्हटलं. "तुम्ही खाडा पाडू नका."

त्यांनी माझ्या पिशवीत उसाची दोन कांडकी घातली. "लई केलं तुमी," म्हणाल्या. मी कोपरगावच्या स्टँडवर ती कांडकी एका गाईसमोर टाकली, कारण ती पिशवीत असताना मला बसवत नव्हतं.

शुक्रवारी साडेबाराला मंजुरी आली. रिकाम्या टोकनवर नवीन किल्ली तयार केली, सर्टिफिकेट उतरवलं. या वेळी टोकन एकच लावलं होतं, यादी चार वेळा मागितली, नाव बोट ठेवून वाचलं. एका कोऱ्या कागदावर सही करून पाहिली, झाली. मी खुर्चीत बसल्या बसल्या रडले. मग पोर्टल उघडून प्रस्तावावर सही करायला गेले, तर समोर आलं: नवीन सहीची नोंद झाली, तालुका स्तरावर मान्यता बाकी.

हे मला माहीत असायला हवं होतं. पहिल्या सहीच्या वेळी अशीच मान्यता लागली होती, पण तेव्हा घाई नव्हती म्हणून लक्षात राहिली नाही. तालुक्याला फोन लावला, उचलेनात. स्कूटी काढली. चार वाजता पंचायत समितीच्या ऑफिसात पोहोचले. साहेब बैठकीला नगरला, मान्यतेचं लॉगिन त्यांच्याकडे, मोबाईल बंद. त्यांच्या हाताखालच्या बाई पन्नाशीच्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मग एवढं कशाला घाबरता? सरपंचबाईंना घेऊन या आत. समोर सही केली तर कागदावरचा प्रस्ताव घेऊन ठेवते. सकाळी दोन गावांचे असेच घेतलेत."

मी म्हटलं, "त्या कोपरगावला आहेत."

"मग सहाच्या आत नाही येणार. ग्रामसेवकाची सही चालत नाही हो. सरपंचांचीच लागते, आणि समोर."

त्यांच्या टेबलावर निळं पेन होतं. सरपंचबाई कशी सही करतात ते मला डोळे मिटून ठाऊक होतं, मीच त्यांना शिकवली होती, पाटीवर गिरवून. पण या बाई त्यांना चेहऱ्याने ओळखत होत्या. नसत्या ओळखत, तर मी केली असती. माझं त्या वेळी काही खरं नव्हतं. मी साहेबांचा फोन लावत राहिले. बंद. बंद. पावणेसहाला लागला, ते गाडी चालवत होते, कॉम्प्युटर जवळ नव्हता. सहा वाजता त्या बाईंनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर पोर्टल उघडून मला दाखवलं. मुदत संपली, असं लिहिलं होतं. त्यांनी हलक्या हाताने खिडकी बंद केली.

सव्वासहाला ऑफिसच्या पायरीवरून मी सरपंचबाईंच्या नवऱ्याच्या फोनवर फोन लावला. त्यांनीच उचलला, त्या वाट बघत होत्या.

"झालं का?"

"नाही झालं, अक्का." आणि मग माझ्याने पुढचं खोटं बोलवेना. "टोकन खराब झालं नव्हतं. मी पुसलं. दुसरं पुसायचं होतं, तुमचं पुसलं. माझ्या हाताने." तालुक्याच्या बाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. तुम्ही समोर असता तर झालं असतं, हे सांगितलं.

"मी येते म्हन्ले हुते," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "कोयता खाली ठिवून म्हन्ले हुते, ताई."

"हो."

"मग तवा का न्हाई सांगितलं?"

माझी लाज वाचवायला मी तुम्हाला उसात ठेवून आले, हे कुणाला कसं सांगायचं? त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. शेवटी त्यांच्याकडचा बॅलन्स की रेंज, काहीतरी संपलं आणि तो आपोआप तुटला.

तेवीसपैकी काही पोरं आज्यांकडे तशीच राहिली, शाळेत एकवेळच्या खिचडीवर. नऊ गेली. रविवारी सकाळी सरपंचबाईंचा नवरा एक टेम्पो घेऊन आला. मी मुद्दाम स्टँडवर गेले. मला पोरीला माझ्या तोंडाने सांगायचं होतं. नाहीतर तिला कुणीतरी सांगितलं असतं की सरकारने केलं नाही, आणि तिने ते खरं धरलं असतं. ती दप्तर आणि एक गोधडी घेऊन उभी होती. दप्तरात सगळी पुस्तकं कोंबलेली, चेन लागत नव्हती. मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. दोन टोकनं, कुंकू, चुकून पुसलेली सही, तिच्या आईशी बोललेलं खोटं. पोरगी हुशार, तिला स्लॉटची गोष्टसुद्धा एकदाच सांगून कळली.

"म्हंजी तुमी यादी परत बघितली असती, तर मी राहिले असते?" तिने विचारलं.

"हो."

तिने मान हलवली. दप्तराची चेन पुन्हा ओढून पाहिली. मग माझ्याकडे बघून, अगदी साधं विचारावं तसं विचारलं, "मग तुमाला कुनी रागावलं का?"

ग्रामसेवक काही बोलले नव्हते. गावात कुणी काही विचारलं नव्हतं. सोमवारी दहा वाजता मला त्याच खुर्चीत बसायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "कुणीच नाही."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, पुढे काही आहे का म्हणून. मग तिच्या बापाने हाक मारली आणि ती टेम्पोत चढली.